म्हातारीच्या पोटातल्या खुर्च्या

१४ जून

बारक्या,

माझं अक्षर बघून दचकला असशील. कोणी मेलेलं नाही. एवढं वाच, खाली बस आणि मग पुढचं वाच.

तुझ्या दादांचे डोळे चाललेत. दोन्ही. उजवा गेल्यात जमा, डावा अजून नळीतून बघितल्यासारखं दाखवतो. समोर माणूस उभा केला तर नाक दिसतं, कान दिसत नाहीत. काचबिंदू. डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून जपा. जपतोय. पण थेंबांचं आणि ह्यांचं पटत नाही. ह्यांचं कुणाशी पटतं ते तुला सांगायला नको.

फोन का नाही केला विचारशील, तर हे ऐकतात. डोळे मंदावले तसे कान इतके तिखट झालेत की शेजारणीने उसासा टाकला तरी विचारतात, काय झालं तिला. पत्र मात्र त्यांच्या पुढ्यात बसून लिहिता येतं. आत्ताच म्हणाले, "काय खरडतेस?"

"वाणसामानाची यादी."

"एवढी?"

"घरात काहीच नाहीये."

तर आता कामाचं. हे पुन्हा म्हातारी बनवायला बसलेत. तेच दोन पंख्यांचं विमान, ज्याच्या पोटात तुम्ही दोघं भाऊ वर्कशॉपात जन्मभर वाकून राबलात. हे खुर्च्या बसवायचे आणि तू वैमानिकापुढची घड्याळं. खरी मोडीत निघाली, ही हातभर लांबीची. ह्या खेपेला डाव्या अंगाला पत्रा न लावता पारदर्शक प्लास्टिक लावायचं म्हणतात, म्हणजे आतलं सगळं दिसलं पाहिजे. खुर्च्या, पट्टे, सामानाच्या फळ्या, पडदे, आणि आत दिवा.

छोट्या विमानांच्या त्या प्रदर्शनात काय झालं ते मी उगाळत बसणार नाही. तू परीक्षक म्हणून आलास आणि चार लोकांत म्हणालास, "दादा, घड्याळांची पाटी उलटी लावलीस. झोपेत होतास का?" लोक हसले. ह्यांनी विमान पिशवीत घातलं आणि घरी आले. तेव्हापासून तुझं नाव ह्या घरात बंद. तुला वाटलं दादा हट्टी. हट्टी आहेतच. पण त्या दिवशी त्यांना ती पाटी नीट दिसतच नव्हती रे. मलासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टरणीने विचारलं, कधीपासून होतंय, तेव्हा तोंड उघडलं. तुला रडवायला सांगत नाही. माहीत असावं म्हणून सांगते.

अडचण अशी आहे. रंगाच्या बाटल्यांची झाकणं अदलाबदल झाली. निळ्या म्हणून रंगवलेल्या खुर्च्या विटकरी झाल्यात. "कसा आलाय निळा?" विचारतात. मी म्हटलं छान. काय म्हणणार? आणि मला तरी काय ठाऊक, म्हातारी आतून कशी होती ते! मी कधी आत पाय ठेवला? तुला माहीत आहे. भिंत कुठल्या रंगाची, फळी कुठली, पडदा कुठला, खुर्चीचा निळा म्हणजे नक्की कसला निळा, एवढं लिही.

डावा डोळा आहे तोवर हे पुरं व्हायला हवं. आत दिवा लावून एकदा सगळ्या खिडक्या उजळलेल्या बघायच्या आहेत त्यांना. दुसरं काही मागत नाहीत.

हळहळ पाठवू नकोस, रंग पाठव.

तुझी वहिनी


९ जुलै

बारक्या,

चार पानं आली. त्यातली तीन माफीची, एक रंगाचं. तीन कपाटात टाकली. चौथं ओट्याच्या वर चिकटवलंय, येता जाता बघते.

बाटल्याही पोचल्या. झाकणांना दोऱ्याच्या गाठी मारल्या, निळ्याला एक, पांढऱ्याला दोन, करड्याला तीन. हे बोटांनी चाचपून म्हणाले, "ही अक्कल कुणाची?" म्हटलं, "मला काय अक्कल नाही?" तर परत गाठी मोजायला लागले. त्या मोजण्यात हो होतं का नाही ते मी विचारलं नाही.

खुर्च्या कशा करतात तुला माहीत आहे, पण ह्या आता बोटांनी करतात. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवायचे, पॉलिश पेपरने पाठीला बाक आणायचा, गालाला लावून बघायचं गुळगुळीत झालं का. हो, गालाला. बोटांपेक्षा गालाला जास्त कळतं म्हणतात. मग गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी चकती कापून पट्ट्याची कडी करायची. औषध घ्यायला कधी ऐकत नाहीत, पाकीट रिकामं करायचं म्हणून गोळी घेतात. माझी काही तक्रार नाही.

दुपारी झोपले की मी विटकरी खुर्च्या काढते आणि निळ्या करते. परवा त्यांनी एकीला हात लावला.

"ओली कशी ही?"

"हवा दमट आहे."

"जूनमधला रंग जुलैत ओला?"

"तुम्ही थर जाड देता."

मी बोलून गेले. नंतर बघितलं तर हे कुंचला कागदावर पुसून पुसून एवढासा रंग घ्यायला लागले होते. आयुष्यात ह्यांना कुणी थर जाड म्हटलं नव्हतं. असो.

दुसरी गंमत. गोंद लावताना माझं बोट आणि खुर्ची एक झाली, तेवढ्यात बेल वाजली. तशीच गेले. टपालवाला खुर्चीकडे बघतोय, मी त्याच्याकडे. सही डाव्या हाताने केली.

तू विचारलंस, येऊ का. नको. अजून तुझं नाव काढलं की जबडा आवळतो. आधी काम होऊ दे.

वहिनी


३ ऑगस्ट

बारक्या,

पकडले गेलो.

तू पाठवलेली घड्याळांची पाटी कापसातून काढली आणि भिंगातून बघितली. काट्यांसकट घड्याळं रे! वर प्रत्येकावर काचेचा थेंब. ह्यांनी केलेल्या पाटीत सगळी घड्याळं एकमेकांत गेली होती, डाळीला बुरशी यावी तशी. मी ती उचलली आणि तुझी ठेवली.

संध्याकाळी हे बसले. पाटी घेतली, नखाने घड्याळांवरून गेले, आणि बोट मध्येच थांबलं.

"ही कुणाची?"

"तुमचीच."

"मी घड्याळांवर काच घालत नाही. ती खोड एकालाच आहे."

मी भांडी घासायला घेतली. म्हणाले, "आधीच घासलेली आहेत ती. कधीपासून चाललंय?"

"जूनपासून."

"म्हणजे ती वाणसामानाची यादी..."

"हो. तीच."

मला वाटलं आता भिरकावतात पाटी. मी मनात ठरवूनही टाकलं, की पाटी फेकली तर मी विमान फेकणार. पण काही झालं नाही. ताट पुढे आलं, दोन घास खाल्ले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी चहाच्या आधी म्हणाले, "त्याला लिही. तिसऱ्या घड्याळावरचा थेंब मोठा झालाय, शेजारच्याला चिकटलाय. घाई करतो अजून."

तर लिहिते. थेंब मोठा झालाय. घाई करतोस अजून.

मी म्हटलं, मग बोलावू का त्याला? तर म्हणाले, "पुरं झाल्यावर. अर्धं काम त्याच्यासमोर ठेवणार नाही. ह्या वेळी त्याला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये."

मी म्हटलं, अहो, डोळा थांबणार आहे का तोवर? तर म्हणाले, "थांबेल. त्याला काय काम आहे दुसरं?"

म्हणून थांब म्हणते. मला पटलेलं नाही. पण एकदा त्यांना तुझ्यापुढे ताठ मानेने बसायचंय तर बसू देत.

तुझ्या बायकोला सांग, कापूस चांगला होता.

वहिनी


१९ सप्टेंबर

बारक्या,

मी काय टपालखातं आहे? महिनाभर हेच. हे म्हणतात पडद्याची सळई जाड आहे, तू म्हणतोस बारीक केली तर वाकेल, हे म्हणतात वाकणार नाही, त्याला वाकवता येत नाही म्हणून म्हणतो. एकाच आईच्या पोटचे दोघं आणि भांडण माझ्या हातून. शाई माझी संपते.

खरं सांगू, ह्या महिन्यात घरात बरं वाटत होतं. टपालवाल्याची सायकल कोपऱ्यावर वळली की हे उठतात. मी सांगायच्या आधी दारात. पुडकं हातात घेऊन वजनावरून ओळखतात, "फळ्या पाठवल्यात" किंवा "वायर आहे." फोडायची घाई नाही. आधी हलवून ऐकायचं.

पण आता ऐक. विमानाला अजून शेपूट नाही, आणि ह्यांनी खुर्च्यांच्या हातांना राखदाण्या करायला घेतल्यात. मोहरीएवढ्या. झाकण उघडायला हवं म्हणे. राखदाण्या झाल्या की पायाखालचं पायपुसणं, ते झालं की सामानाच्या फळीवर कुणाची तरी टोपी. मी म्हटलं, "तुम्हाला हे संपवायचंय का नाही?"

हातातली राखदाणी डबीत ठेवली. मग म्हणाले, "संपलं की तो काय पाठवणार?"

मी हातातलं काम ठेवून दिलं.

डॉक्टरणीकडे गेलो होतो. डाव्या डोळ्याची नळी आता सुईच्या नेढ्याएवढी झाली आहे. ती ह्यांच्याशी बोलली नाही, माझ्याशी बोलली, त्यावरून काय ते समज.

म्हणून मी सूत्रं हातात घेतली. खुर्च्या चिकटवलेला पाट काल पोटात बसवून टाकला, गोंद लावून. उद्या प्लास्टिक. शेपूट ह्या आठवड्यात. हे कुरकुरतात, कुरकुरू देत. तुझा दिवा तू येऊन जोड, त्या वायरी माझ्या बापालाही कळणार नाहीत.

तू ये. त्यांनी पुरं झाल्यावर म्हटलंय ते विसर. मी म्हणते म्हणून ये. सुटी पुढच्या महिनाअखेरीस मिळेल म्हणतोस, तर साहेबाला सांग घरी आग लागली आहे. काहीही सांग. डोळा आहे तोवर ये.

वहिनी


७ ऑक्टोबर

बारक्या,

काल सकाळी उठून बसले आणि म्हणाले, "आज उजाडलंच नाही का गं?"

मी खिडकीपाशी होते. ऊन माझ्या हातावर होतं. म्हटलं, "ढग आलेत." का म्हटलं माहीत नाही, तोंडातून गेलं. हे उठले, भिंत धरत खिडकीपर्यंत आले आणि गजांना हात लावला. गज तापले होते.

"ढग नाहीत," म्हणाले.

मग परत जाऊन पलंगावर बसले. मीही बसले. चहा करायचा राहिला.

दिवा लावून बघायचं होतं ते राहिलं. बाकी विमान झालेलं आहे, शेपटासकट.

तुझं तिकीट पंचवीस तारखेचं आहे म्हणालास. असू दे. बदलायची धडपड करू नकोस. आता घाईचं काही उरलं नाही.

वहिनी


११ नोव्हेंबर

बारक्या,

पोचल्याचं पत्र मिळालं. "मन हलकं झालं" असं लिहिलंस. झालं असेल तुझं. आता माझं ऐक, आणि मध्येच पत्र खाली ठेवू नकोस.

तू आलास ते चांगलं केलंस. दारात तू उभा आणि हे तुझ्या उजव्या खांद्याकडे तोंड करून म्हणाले, "बारक्या, जाड झालास. पावलं जड पडतायत." तू तिथेच रडायला लागलास. मी आत निघून गेले. मला ते जमत नाही. बाहेर ह्यांचा आवाज ऐकला, "अरे पुरे, माझ्या सदऱ्याचा रुमाल केलास." नंतर तुम्ही दोघं हसलात. किती वर्षांनी तो आवाज ह्या घरात झाला, ते मी तुला सांगितलं नाही, आता सांगते.

दिवाही तू चांगला जोडलास. ह्यांनी विचारलं, "सगळ्या खिडक्या?" तू म्हणालास, "सगळ्या, दादा." ते खरं होतं. त्यांनी तोंड विमानाजवळ नेलं, दिव्याची ऊब लागते का बघायला. लागली असावी. इतपत सगळं ठीक.

मग त्यांनी विमान तुझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बघ. नीट बघ. काढ चूक."

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. तू वाकलास. वैमानिकापासून मागे मागे बघत गेलास, प्लास्टिकला नाक लावून. आणि खुर्च्यांच्या ओळींपाशी थांबलास. तुझी नजर थांबलेली मी बघितली, बारक्या. मला दिसतं अजून. मग तू सरळ झालास, त्यांचा हात धरलास आणि म्हणालास, "दादा, एकही चूक नाही. असं काम मी जन्मात बघितलं नाही."

हे म्हणाले, "बरं."

तुला वाटलं, खूश झाले. तुझी गाडी होती, तू निघालास.

तू जिना उतरलास तसं ह्यांनी दिव्यासाठी ठेवलेलं वरचं झाकण काढून तर्जनी आत घातली. खुर्चीच्या पाठीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत मोजली. म्हणाले, "ही खुर्ची खिडकीसमोर नाही. हिच्यावर बसेल त्याला भिंत दिसेल. पुढचीलाही. तिच्या पुढचीलाही."

ती माझी चूक. सप्टेंबरात घाईघाईने पाट आत ढकलला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरला आणि गोंद धरला. निघेना. मी तुला लिहिलं नाही, ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, कुणाला कळतंय.

ह्यांना त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाले, "तू किती धडपडून बसवलंस, काय बोलणार होतो मी? पण मला वाटलं, बारक्या आला की पहिल्या झटक्यात बघेल. बघेल आणि बोलेल. त्याला राहवणार नाही." मग तू बोलल्यावर काय उत्तर द्यायचं, ते सुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. "ही तुझ्या वहिनीची. हिम्मत असेल तर तिला सांग," असं म्हणायचं होतं. इतके दिवस तेवढं एक वाक्य तोंडात धरून बसले होते.

मी म्हटलं, नसेल दिसलं त्याला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"त्याला दिसलं," म्हणाले. "श्वास अडकला त्याचा. मी ऐकला." मग विचारलं, "म्हणजे मी आता आजारी माणूस झालो, नाही का गं?"

मी विमानातला दिवा बंद केला.

तुझ्यावर रागावलेली नाही. तू मायेने बोललास, एवढं मला कळतं. मीही जूनपासून त्यांच्याशी खोटंच बोलत आले. पण माझं वेगळं आहे. माझं खोटं ते ओळखतात, सोडून देतात, बायको म्हणून चालवून घेतात. चहात साखर जास्त झाली तर बोलत नाहीत, तसलं ते. तुझं तसं नाही. साऱ्या वर्कशॉपात एकच माणूस त्यांच्या कामाकडे बघून तोंडावर खरं बोलत होता. त्याच्यावरच चिडले, त्याच्याशीच बोलणं टाकलं, आणि गेले काही महिने त्याच्याच पुडक्याची वाट बघत दारात उभे राहिले. तू आलास आणि तो माणूस आणला नाहीस.

तेव्हापासून विमानाला हात लावलेला नाही. कापडाने झाकून ठेव म्हणाले. सायकल कोपऱ्यावर वळते, मी बघते, हे उठत नाहीत. डॉक्टरणीने सांगितलेले व्यायाम करतात, गोळ्या न सांगता घेतात, मी देते ते खातात. सगळं ऐकतात. मला भीती वाटते.

म्हणून तुला एक काम देते. बस आणि पत्र लिही, त्यांच्या नावाने. त्यात चुका लिही. खुर्च्यांची आधी. शेपटाचा जोड वाकडा आहे, मला दिसतो म्हणजे तुला दिसलाच असणार, तो लिही. पडद्याची सळई वाकली आहे, तू म्हणाला होतास तशीच, तेही लिही आणि जरा टेंभा मिरव. निळा रंग दोन खुर्च्यांवर वेगळा पडलाय, तो माझा, लिही. आणखी असतील, तू शोधल्या असशील. गाडीत बसून मोजल्या असशील, मी तुला ओळखते. मी मोठ्याने वाचून दाखवीन. माझ्यावरचं असलं तरी एक अक्षर गाळणार नाही.

मऊ लिहू नकोस. शेवटी "तरीपण" घालून काही चांगलं जोडू नकोस, त्यांना ते लगेच कळेल.

वाचताना चिडतील. चिडू देत. तू गेल्यापासून एकदासुद्धा चिडलेले नाहीत.

वहिनी